मागच्या खोलीचं छप्पर

गेन्सविल, जॉर्जिया
३ मार्च

प्रिय फिदे,

नोएमीने तुला फोनवर सांगितलंच आहे. तरी पुन्हा लिहिते, कारण फोनवर माझ्याच्याने दोन वाक्यं धड होत नाहीत, आणि माझं रडणं ऐकलं की पोरगी जेवत नाही. आपल्या शाळेच्या बोर्डिंगात मदर एस्कोलास्तिका म्हणायच्या, आधी समास आखा, मग दुःख लिहा. समास आखला आहे.

तुझ्या भावाला कामावर जाताना रस्त्यातच धरलं. ट्रकचा मागचा दिवा गेला होता. दिवा बदलायचा म्हणून त्याने आदल्याच दिवशी आणून ठेवला होता, तो अजून स्वयंपाकघरात टेबलावर आहे. पोलिसाने गाडी चालवायचा परवाना मागितला. आमच्यासारख्यांकडे तो कुठून असणार? मग या देशात राहायचे कागद मागितले. मग आणखी दोन माणसं आली, आणि एवेलियोला दक्षिणेकडे नेलं. पाइनच्या जंगलात एक मोठी कोठडी आहे, कागद नसलेल्यांना ठेवायची. तुरुंग नाही म्हणतात. पण दाराची कडी बाहेरूनच आहे.

मला तिथे जाता येत नाही. फाटकावर ओळखपत्र बघतात, आणि माझ्याकडेही त्याच्याइतकेच कागद आहेत, म्हणजे काही नाहीत. नोएमी इथे जन्मली, म्हणून तीच जाते आणि काचेपलीकडून बापाशी बोलते. मी घरी बसून लोकांच्या विजारी आखूड करते. मदरनी शिकवलेली टीप अजून सरळ येते, एवढंच काय ते सरळ आहे.

आता एक काम सांगते. सासूबाईंचा संत अंतोनियो अजून कोनाड्यात आहे ना? त्याच्या हातातलं बाळ येशू काढून घे. हसू नकोस. हरवलेलं शोधून देणारा संत तो, पण बाळ हातात असलं की तो कोणाचं ऐकत नाही, हे तूच मला शिकवलंस. तुझं मांजर हरवलं तेव्हा चॅपलमधल्या अंतोनियोचं बाळ आपण उशीच्या अभ्र्यात लपवलं होतं, आठवतं? अख्ख्या शाळेला गुडघ्यांवर बसावं लागलं. मांजर मात्र संध्याकाळी आलं.

त्याला बजावून सांग, एवेलियो सुटून इथे माझ्या दारात येईपर्यंत बाळ मिळायचं नाही.

हे पत्र सामान ने-आण करणाऱ्या दोन्या चेपाबाईबरोबर पाठवते आहे. एवेलियोला काही लिहायचं असेल तर तेही तिच्याकडेच दे, मी न उघडता पुढे टपालात टाकीन.

तुझी
आम्पारो


शेला, ग्वातेमाला
१९ मार्च

आम्पारो,

दोन्या चेपा काल येऊन गेली. तिच्या बॅगांतून तुझं पत्र, शेजारणीच्या नातवाचे बूट आणि कोणाच्या तरी मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या. पंधरवड्याला विमानाने ये-जा करून ती आता पायलटसारखी चालते. जाताना तिच्याबरोबर शेका पाव पाठवते आहे. नोएमीला सांग, गोठवायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून ठेवायचे.

बाळ काढलं. तळहातावरच्या खुंटीवरून निघताना कुरकुरलं. किती वर्षं कोणी हलवलंच नव्हतं. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून माझ्या शिवणाच्या पेटीत ठेवलं आहे. अंतोनियोला जे सांगायचं ते सांगितलं. तो आता रिकामा हात पुढे करून उभा आहे, भाजीवाल्याने उरलेली चिल्लर द्यावी म्हणून उभं राहावं तसा.

बाकी इथे आहे तसंच. सकाळी चर्च, मग बाजार, मग मी आणि ही भलीमोठी घरभर शांतता. माझे यजमान गेल्यापासून दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय सुटत नाही, रात्रीचं उरलेलं सकाळी खाते. मागच्या खोलीला चुना मारून घेतला, भिंतीला ओल धरली होती. एवेलियोच्या मारिंबावरची चादर काढून धुतली. वाजवायच्या दोन लाकडी पट्ट्या सैल झाल्यात, बाजारापलीकडचा म्हातारा येऊन बघतो म्हणाला.

तू रडत बसू नकोस. डोळे गेले तर टीप वाकडी येईल, आणि मग मदर वरून बघतील.

तुझी नणंदबाई
फिदेलिना

ता.क. त्याच्यासाठी वेगळं पाकीट सोबत आहे.


गेन्सविल
२२ एप्रिल

प्रिय फिदे,

कुठून सुरुवात करू कळत नाही. जामीन मिळाला आणि मिळाला नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यातून नोएमीने आनंदाने तुला फोन केला तो खरा होता. न्यायाधीशाने सगळं ऐकून घेतलं. चोवीस वर्षं याच गावात राहिला, लोकांची छपरं घातली, चर्चचं छप्पर तर फुकट घातलं. फादरचं पत्र, शेजाऱ्यांची पत्रं. न्यायाधीशाने विचारलं, तुम्ही सुटलात तर पुढच्या तारखेला येणार का? एवेलियो म्हणाला, "साहेब, मी छप्पर अर्धं टाकून कधी गेलेलो नाही." आमच्या वकीलबाई, पिलार त्यांचं नाव, म्हणतात की ते ऐकून न्यायाधीशसुद्धा हसले. जामीन मंजूर.

जामीन भरणारा माणूस कागदपत्रवाला लागतो, म्हणून नोएमी गेली. चर्चच्या लोकांनी आणि आम्ही मिळून जमवलेले पैसे घेऊन ती खिडकीशी उभी राहिली. खिडकीतल्या माणसाने संगणकात बघितलं आणि म्हणाला, घेता येत नाही. सरकारी वकिलाने त्याच दुपारी अपील केलं होतं. आणि नियम असा आहे, फिदे, की सरकारने तो एक कागद दाखल केला की न्यायाधीशाचा हुकूम जागच्या जागी थांबतो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत माणूस आत. निकाल कधी? पिलारबाई म्हणाल्या, महिने. मी विचारलं, मग न्यायाधीश कशाला बसवलाय? त्या म्हणाल्या, दोन्या आम्पारो, मीही हेच विचारते आहे.

सगळ्यात वाईट ऐक. आत रीत अशी आहे, सुटणारा माणूस आपल्याजवळचं सगळं मागे राहणाऱ्यांना वाटून टाकतो. एवेलियोने सकाळीच वाटलं. नूडल्सची पाकिटं, साबण, जास्तीची चादर. सपाता हैतीच्या एका म्हाताऱ्याला दिल्या. संध्याकाळी बातमी पसरली, आणि एकेक जण येऊन त्याची वस्तू त्याच्या खाटेवर ठेवून गेला. म्हातारा सपाता पुसून घेऊन आला. "नोएमी," एवेलियो काचेपलीकडून म्हणाला, "माझ्याच मयताला लोक भेटायला आल्यासारखं वाटलं बघ."

तू बाळ अजून परत दिलं नाहीस ना? देऊ नकोस.

तुझी
आम्पारो


शेला
४ मे

आम्पारो,

दिलं होतं. फोन आला त्याच संध्याकाळी दिलं. मेणबत्त्या लावल्या, अंतोनियोची पावलं पुसली, बाळ खुंटीवर बसवलं, आणि पहाटे दारात फटाक्यांची माळ लावली. सगळी गल्ली जागी झाली. "कोणाचा वाढदिवस?" "माझा भाऊ सुटला." मग तिसऱ्या दिवशी नोएमीचा दुसरा फोन आला, आणि मला गल्लीतून मान खाली घालून पाव आणायला जावं लागलं.

बाळ पुन्हा काढलं आहे. पण आता संत माझ्याकडे बघतो ते मदर एस्कोलास्तिका बघायच्या तसं. दिलेली वस्तू परत काढून घेतली, म्हणजे मी लबाड झाले ना? फादरना विचारलं. ते हसायला लागले. "फिदेलिना, देव काय जकात नाक्यावर बसलाय, आधी माल सोडा मग पावती?" त्यांना काय जातं हसायला. त्यांचा भाऊ कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान चालवतो, रोज दुपारी एकत्र जेवतात.

एवेलियो काय खातो तिथे? नोएमी म्हणाली, थंड भात आणि घेवडा. इथे असता तर मक्याचं कणीस घालून हाडांचा रस्सा केला असता, दोन दिवसांत माणसात आला असता. मारिंबाच्या पट्ट्या बसवून झाल्या. म्हाताऱ्याने एक धून वाजवून दाखवली आणि मला घरात जावं लागलं. नवी गादी घेतली, जुनीला गोळे झाले होते.

तू नीट खा. नुसत्या कॉफीवर राहू नकोस.

फिदेलिना


गेन्सविल
२८ मे

फिदेलिना,

आज पूर्ण नावाने लिहिते आहे, त्यावरून काय ते समज.

परवा नोएमी बापाला भेटून आली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी विचारत राहिले. शेवटी म्हणाली, "आई, बाबा सही करणार म्हणतात." इथे एक कागद असतो, मी माझ्या मनाने माझ्या देशात परत जातो असा. त्यावर सही केली की खटला संपला, अपील संपलं, आठवड्याभरात विमान. आणि दहा वर्षं इकडे पाऊल टाकता येत नाही. तो एकसष्ट वर्षांचा आहे. दहा वर्षं म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको.

नोएमी म्हणाली, "बाबांनी आत्याची पत्रं जपून ठेवलीत. मला वाचून दाखवली. आत्याने मागची खोली तयार केलीय. नवी गादी आहे. मारिंबा लावून ठेवलाय. खिडकीतून ज्वालामुखी दिसतो." हे सांगताना पोरीचा चेहरा, फिदे. ती म्हणाली, "बाबा ते सांगताना हसत होते. किती महिन्यांनी हसले."

मी तुझी मागची पत्रं काढून पुन्हा वाचली. भिंतीला ओल धरली होती. मार्चात? शेलात मे अर्धा सरेपर्यंत थेंब पडत नाही, धुळीने नाक भरतं. मी त्या घरात नांदले आहे, पाहुणी म्हणून आले नव्हते. गादी कोणासाठी घेतलीस? तू तर आईंच्या खोलीत झोपतेस.

मला फक्त एक सांग. बाळ काढलंस तेव्हा अंतोनियोकडे काय मागितलंस?

पिलारबाईंनी मोठ्या कोर्टात अर्ज केला आहे. एका न्यायाधीशाने सोडलेल्या माणसाला सरकार नुसत्या एका कागदावर किती दिवस अडकवणार, असा. त्या म्हणतात, आशा आहे. त्या म्हणतात, एवेलियोने फक्त सही करायची नाही. बाकी काही करायचं नाही, नुसती सही करायची नाही. आणि तू त्याला हाडांचा रस्सा लिहून पाठवतेस.

मी तिथे येऊ शकत नाही. नोएमीला इथे एकटी टाकून कशी येऊ? आणि तो तिथे गेला तर मी इथे कोण? मी फार दमले आहे गं. भांडायलाही बळ नाही. एवढं लिहिताना मधे दोनदा उठून पाणी प्यायले.

आम्पारो


शेला
१५ जून

आम्पारो,

होय. मी त्याला इथे मागितलं.

तू सुटका मागायला सांगितलीस. मी म्हटलं, सुटका झाल्याशी कारण, दार कुठल्या बाजूला उघडतं ते मी कशाला बघू? तू त्याला चोवीस वर्षं घरात बघते आहेस. मी चोवीस वर्षं त्याला कानाने बघते आहे. फोनवर त्याचा खोकला ऐकून ओळखते, थंडी पडली असेल. आईच्या वेळी मी फोन शवपेटीपाशी धरून उभी राहिले, तो तिकडून प्रार्थना म्हणत होता आणि इथे लोक माझ्याकडे बघत होते. पुढची पेटी माझी असेल तेव्हा फोन कोण धरणार? म्हणून चुना मारला. म्हणून गादी. तुला खोटं लिहिलं, आणि तेही धड जमलं नाही. ओल म्हणे.

आता परवाचं सांगते. अंतोनियोच्या सणाला घराघरांतले संत चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात हे तुला ठाऊक आहे. मी आपला न्यायला नको म्हणत होते, पण नेला नाही तर लोक विचारतील, नेला तर लोक बघतील. नेला. सगळ्यांच्या अंतोनियोंच्या हातात बाळ, आणि आपला उघडी खुंटी दाखवत उभा. कोपऱ्यावरची बेर्तीला माझ्यामागेच होती. नवरा मिळावा म्हणून बाळ चोरतात त्या लग्नाच्या मुली, म्हणून ती म्हणते, "काय गं फिदेलिना, या वयात नवरा हवा झाला?" मी म्हटलं, "तुझा कधी मोकळा होतोय ते बघतेय." सगळी रांग हसली. मीही हसले.

मग फादर आले. तीर्थ शिंपडायच्या आधी त्यांनी रिकाम्या हाताकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काय मागितलं आहेस?" आम्पारो, माझ्या भावाला त्याच्या बायकोपोरीपासून उचलून इथे आणून टाक, हे मी तीन महिने रोज सकाळी त्या संताला सांगत होते, आणि एका माणसासमोर तोंडातून निघेना. मदर एस्कोलास्तिका काय म्हणाल्या असत्या तुला माहीत आहे. जी प्रार्थना मोठ्याने म्हणता येत नाही ती प्रार्थना नाही. मी फादरना म्हटलं, "भाऊ सुटावा." ते म्हणाले, "मग असं कर, ज्यांच्यासाठी सुटायचा त्यांना मागू दे."

बाळ दोन्या चेपाबरोबर पाठवते आहे. नोएमीचा लहानपणचा लोकरी मोजा तू एकदा पाठवला होतास, त्यात घातलं आहे, आणि मोजा मक्याच्या पिठाच्या पिशवीत. चेपा म्हणाली, पिठाला विमानतळावर कोणी हात लावत नाही. आता तुझं मागणं तू माग. संत इथे, बाळ तिथे, कसं काय ते त्यांचं त्यांनी बघावं.

एवेलियोसाठी पाकीट आहे. त्यात काय लिहिलंय ते विचारू नकोस. मात्र लवकर टाक, उद्याच टाक.

रागावली असशील तर राहा रागावलेली. पण जेव.

फिदे


गेन्सविल
२४ जुलै

माझी फिदे,

तो घरी आला.

फोनवर आपण दोघी काही बोललोच नाही, नुसत्या ऐकत राहिलो, म्हणून आता लिहिते. मोठ्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी लिहिलं की एकदा जामीन दिलेल्या माणसाला सरकारने स्वतःच्याच कागदावर अडकवून ठेवता येणार नाही. अपील चालायचं ते चालू दे, माणूस बाहेर. नोएमी पुन्हा त्याच खिडकीशी गेली. तोच माणूस होता. या वेळी त्याने पैसे घेतले, पावती दिली आणि म्हणाला, "काळजी घ्या, मिस." पोरगी तिथेच रडली.

मी नाक्यावरच्या मेक्सिकन दुकानापर्यंत चालत गेले. त्यापुढे जायची हिंमत झाली नाही. नोएमीची गाडी आली. त्याच्या हातात जाळीची पिशवी होती, तिच्यात तुझी पत्रं. या वेळी त्याने बाकी काही वाटलं नव्हतं म्हणे, फाटकातून बाहेर पडेपर्यंत विश्वासच नव्हता. मग गाडीत आठवलं, म्हाताऱ्याला सपाता द्यायच्या राहिल्या. सगळ्या वाटेत तेवढंच बोलत होता.

वाळला आहे. केस पांढरे झालेत. पायाला एक काळा पट्टा बांधला आहे, तो कुठे जातो ते सरकारला कळावं म्हणून. जिल्ह्याबाहेर जायचं नाही. अपील अजून उभंच आहे. पिलारबाई म्हणाल्या, दोन्या आम्पारो, आनंद करा, पण मेजवानी नको. सरकार जिंकलं तर त्याला परत आत घेतील. टपालवाला आला की आम्ही तिघंही हातातलं काम थांबवतो.

मी बाळाकडे काय मागितलं ते तुला सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, सही करू देऊ नकोस, एवढंच. सुटकेचं मागायचं मला धैर्य नव्हतं.

आणि त्याने सही केली नाही. का, ते मला नोएमीकडून कळलं. आत्याचं पत्र आलं, मागच्या खोलीचं छप्पर पडलं, तुळई मधोमध मोडली, गादीसकट सगळं भिजलं, आता तिथे जाऊन राहणार कुठे, असं बाबा म्हणाले. फिदे, मला एक शब्द कळवला नाहीस. पावसाने पडलं का? तुला लागलं नाही ना? तुझी खोली पडली म्हणून मला वाईट वाटलं, आणि ती पडली म्हणून तो थांबला याचा आनंदही झाला. त्या आनंदाची लाज वाटते. मी एका डब्यात कौलांसाठी थोडं थोडं टाकायला लागले आहे.

बाळ स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, ट्रकच्या त्या दिव्याशेजारी. परत पाठवू का? तू सांग.

तुझी
आम्पारो


शेला
९ ऑगस्ट

आम्पारो,

घाईत लिहिते आहे, चेपाची बॅग भरून झाली आहे आणि ती दारात उभी राहून उसासे टाकते आहे.

मला लागलं नाही. छपराची चिंता करू नकोस, माणूस बोलावला आहे, होईल. पैसे पाठवू नकोस. त्यातून एवेलियोला मांस घाल.

फटाके लावले नाहीत. गल्लीला सांगितलंही नाही. बेर्तीलाला तेवढं सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळलं.

बाळाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. संताची सवय झाली आहे मला अशी. सकाळी दिवा लावते तेव्हा त्याच्या त्या हातावर कधी फूल ठेवते, कधी आदल्या दिवशीचा शेकाचा तुकडा. तक्रार करत नाही.

फिदे


गेन्सविल
३० ऑगस्ट

फिदेताई,

मला तुमच्या दोघींसारखा समास आखता येत नाही. मदरने मला शिकवलं नाही, बाबांनी शिकवलं. वेडंवाकडं असलं तर चालवून घे.

मी भिंतीला टेकून लिहितो आहे, कारण पायाचा पट्टा चार्ज होतोय. रोज त्याला भिंतीत खुपसून बसावं लागतं, वायर आखूड आहे. आम्पारो म्हणते, बरं झालं, एवढा वेळ घरात कधी बसला नव्हतास. तिने माझ्यापुढे घेवडा निवडायला ठेवला आहे. बाळ येशू समोरच्या खिडकीत आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो. दोघांनाही कुठे जाता येत नाही.

काम बंद आहे. छपरावर चढून पट्टा अडकला तर कोणाला कळवायचं ते विचारायला पिलारबाईंना फोन केला, तर त्या बराच वेळ हसल्या, मग म्हणाल्या, चढू नका.

आता त्या मागच्या खोलीबद्दल. ती तुळई सायप्रसची आहे, ताई. मी चौदा वर्षांचा होतो. बाबांनी आणि मी ती डोंगरावरून बैलांनी ओढून आणली आणि भिंतींवर चढवली, एका टोकाला ते, एका टोकाला मी, आणि तू खाली उभी राहून ओरडत होतीस, बाबा, तो पडेल. बाबा म्हणाले होते, ही आपल्या नातवंडांची नातवंडं गेल्यावर मोडेल. आणि त्यानंतर मी आयुष्यभर लोकांची छपरं घालतो आहे. कुठलं पडतं नि कुठलं पडत नाही ते मला झोपेत कळतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सहीचा कागद मागून घेतला होता. उशाखाली होता. नाव लिहून झालं होतं, सही राहिली होती. तुझं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. आधी मला तुझा राग आला, की ही बाई तुळई मोडली असं लिहिते, बाबांची तुळई. मग कळलं. ती मोडणं शक्य नाही, म्हणजे ताई मला येऊ नको म्हणते आहे. आणि तिला तसं सरळ लिहवलं नाही, म्हणून तिने ती चांगली गादी भिजवली, चुना मारलेली भिंत पाडली, एकेक करून सगळं. मी पत्र डोळ्यांवर धरून आडवा झालो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, घरी कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, घर पडलं. कागद परत दिला.

आम्पारोला हे सांगितलेलं नाही. ती डब्यात कौलांसाठी टाकते आहे. टाकू दे, तिला बरं वाटतं.

अपील लागायचं आहे. आपल्या बाजूने लागेल की नाही, कोणी सांगत नाही. तोवर बाळ इथेच ठेवतो, आम्पारो म्हणते सोबत होते. संताला सांग, थोडी कळ काढ.

मारिंबा झाकून ठेव, पावसाळ्यात लाकूड फुगतं. खिडकी मात्र दिवसा उघडी ठेव, नाहीतर खरंच ओल धरेल. आणि चुना वर्षावर टिकत नाही, ताई. मार्च आला की पुन्हा मार.

तुझा
एवेलियो